नाचाचा तास व्यायामाचा कधी होतो?

जून २०२५ मध्ये केरळ सरकारनं शाळांमध्ये झुंबा सुरू केला. मुलांवरचा ताण कमी व्हावा, ती अमली पदार्थांपासून लांब राहावीत, हा हेतू. काही मुस्लिम संघटनांनी मुलं-मुली एकत्र नाचणार म्हणून आणि कपड्यांच्या मुद्द्यावरून विरोध केला. मुलं शाळेच्या गणवेशातच हा व्यायाम करतात, असं उत्तर सरकारनं दिलं. वाहिन्यांवर बरेच दिवस गदारोळ चालला आणि साधा प्रश्न बाजूलाच राहिला: नाचानं तब्येत सुधारते का, आणि सुधारत असेल तर तो शिकवायचा कसा?

आपल्याकडे हा प्रश्न आता कॉलेजच्या दारात येऊन उभा आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत सहअभ्यासक्रम विषय घ्यावे लागतात. एनएसएस, एनसीसी, योग, खेळ, तंदुरुस्ती, कला असे पर्याय त्यात येतात आणि त्यांना श्रेयांक मिळतात. श्रेयांक म्हणजे ठरावीक तासांच्या कामाचं माप. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात साधारण ३० तास धरतात. त्यामुळे जिमखान्याच्या सरांपुढे अचानक ऐंशी-शंभर मुलं उभी राहतात. त्यातली निम्मी कधीच मैदानावर न आलेली, आणि मैदान म्हणाल तर परीक्षेच्या मांडवानं किंवा पार्किंगनं व्यापलेलं. अशा वेळी हॉलमध्ये स्पीकर लावून नाच घेणं हा सोयीचा मार्ग वाटतो. सोयीचा तो आहेच. व्यायाम म्हणून तो उपयोगी पडेल की नाही, हे मात्र तास कसा घेतला यावर ठरतं.

आधी, कोणता नाच?

कॉलेजात नाच म्हटला की डोळ्यांपुढे गॅदरिंग येतं. महिनाभर तालीम, बारा जणांची निवड, तीन मिनिटांचं गाणं आणि बाकीचं कॉलेज शिट्ट्या मारायला. तो रंगमंचावरचा नाच. तिथे बघणाऱ्याला काय दिसतं त्याला महत्त्व असतं आणि ज्याला जमत नाही त्याला आधीच गाळलेलं असतं. कथक किंवा भरतनाट्यम हा तर वर्षानुवर्षांच्या शिक्षणाचा मामला.

शारीरिक शिक्षणाच्या तासात जो नाच अपेक्षित आहे त्याला रंजनात्मक नृत्य म्हणतात. त्यात प्रेक्षक नसतो. जमलेले सगळे नाचतात, पावलं सोपी असतात, चुकलं तर कुणाचं बिघडत नाही. फुगडी, टिपऱ्या, गरबा, लेझीम, कोळीनृत्याची पावलं, एरोबिक्स, झुंबा हे सगळं यात बसतं. मंगळागौरीच्या रात्री पन्नाशीच्या काकू पहाटेपर्यंत खेळतात तेही यातच येतं; अभ्यासक्रमात त्याला कुणी कधी श्रेयांक दिले नाहीत एवढंच.

शारीरिक शिक्षणात नाच आणणं ही झुंबाच्या लाटेतून आलेली टूम नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या शाळांत एलिझाबेथ बर्चेनल लोकनृत्यं व्यायाम म्हणून शिकवत होत्या. १९२६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच'डुब्लर यांच्या प्रयत्नांतून नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तोही मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागात. महाराष्ट्रात तर शाळेच्या कवायतीत लेझीम कित्येक पिढ्यांनी खेळली आहे.

शरीराला काय कळतं?

हृदयाला गाणं कुठलं लागलंय ते कळत नाही. मांड्या, पोटऱ्या, नितंब असे मोठे स्नायू सलग हलायला लागले की त्यांना प्राणवायू जास्त लागतो आणि तो पोहोचवायला हृदय जोरात चालतं. चालणं, पोहणं, सायकल, नाच सगळ्यांत हेच घडतं. आठवड्यातून काही वेळा, काही महिने हे चालू राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. जिना चढताना धाप कमी लागते ती त्यामुळे.

किती श्रम झाले ते मोजायला 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ती एक मेट. ३ ते ६ मेटपर्यंतचे श्रम मध्यम, ६ च्या पुढचे तीव्र. झपाझप चालणं साधारण ४ च्या आसपास येतं. जोडीनं संथ लयीत केलेला पाश्चात्त्य बॉलरूम नाच जेमतेम ३, तर एरोबिक्सचा नाच ७ च्याही पुढे जातो. म्हणजे 'नाच' या एका शब्दाखाली दुपटीहून जास्त फरक दडलेला आहे. नाच चांगला की वाईट, असं विचारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं तीव्र व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. आपण यात कुठे आहोत? २०२२ सालचा अंदाज असा की भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ एवढी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. क्रिकेटच्या मैदानाकडे न फिरकणाऱ्या मुली नाचाच्या तासाला येतात, एवढ्या एका कारणासाठी तरी हा तास गांभीर्यानं घ्यायला हवा.

आता तो मध्यम-तीव्र फरक किती महत्त्वाचा आहे बघा. ब्रिटनमधल्या चाळिशीपुढच्या ४८ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम श्रमाचा नाच करणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी आढळले. हलक्या, रेंगाळत केलेल्या नाचाच्या बाबतीत तसं दिसलं नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, म्हणजे नाचामुळेच फरक पडला असं त्यातून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणसंच जास्त नाचत असतील. तरी घाम निघेल एवढा नाच आणि नुसता ठेका धरणं यांत अंतर आहे, हा इशारा त्यातून मिळतो.

श्रम पुरेसे झाले हे ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपी कसोटी बोलण्याची. नाचता नाचता शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर तीव्र. गाणं सुरात म्हणत कुणी नाचत असेल तर त्याचा वेग वाढवायला हरकत नाही.

दुसरी कसोटी नाडीची. ढोबळ सूत्र असं की २२० मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मर्यादा मिळते. वीस वर्षांच्या मुलासाठी २००. मध्यम श्रमात नाडी साधारण १३० ते १५० च्या दरम्यान असावी. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचे. ३३ ते ३७ ठोके आले तर ठीक. थांबल्याबरोबर लगेच मोजायचं, कारण तरुण माणसाची नाडी भराभर खाली येते. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती जिमखान्यात क्वचितच बोलली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. त्यामुळे दुसऱ्याच गाण्याला धापा टाकत भिंतीला टेकणारी मुलगी आळशी असेलच असं नाही. तिला 'चल चल, नाटकं नकोत' म्हणून रेटण्यापेक्षा रक्त तपासून घ्यायला सांगणं जास्त शहाणपणाचं. तपासणी स्वस्त असते आणि सरकारी दवाखान्यात होते.

पन्नास मिनिटांतली खरी मिनिटं

नाचाचा तास फसतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. सर स्टेप दाखवतात, मुलं उभी राहून बघतात. मग गाणं लावतात, चौथ्या ठेक्याला दोघं चुकतात, गाणं बंद. 'पुन्हा बघा.' पुन्हा उभं राहणं. पन्नास मिनिटांच्या तासात हजेरी पाच, स्पीकरची वायर शोधण्यात पाच, बघण्यात वीस. अंग हललं ती मिनिटं पंधराच्या वर जात नाहीत. तवा तापायच्या आत गॅस बंद करायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा बंद करायचा. अशानं पोळी भाजली जात नाही. नाडी कामाच्या पातळीला यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यातच आपण तिला थांबवत असतो.

'पण थांबत थांबतही व्यायाम करतात ना?' असं कुणी विचारेल. करतात. त्यात मधला जोर मुद्दाम खूप वाढवलेला असतो आणि विश्रांती घड्याळ लावून घेतलेली असते. पाय दुमडून सरांचं भाषण ऐकणं त्यात मोडत नाही.

मग शिकवायचं कसं? अनुभवी शिक्षक पाय थांबूच देत नाहीत. जागच्या जागी चालणं हे मूळ पाऊल. काही समजलं नाही, चुकलं, पाणी प्यायला जायचंय, तरी पाय चालू. या चालण्यावरच नवी हालचाल चढवायची. आधी फक्त पाय: बाजूला एक पाऊल, जोडा, परत. आठ मोजेपर्यंत हेच. मग गुडघा उचलणं, आठ. दोन्ही जोडले की सोळा. पुन्हा त्यात तिसरं, चौथं. बत्तीस मोजांचा (एक मोज म्हणजे एक ठेका) एक तुकडा तयार होतो. हात शेवटी येतात. हात आणि पाय एकदम दिले की नवख्याचा गोंधळ होतो आणि तो थांबतो, म्हणून हा क्रम.

पुढची पायरी सांगायची ती बदल व्हायच्या चार मोज आधी. ऐन ठेक्यावर 'आता गुडघा!' असं ओरडलं की अर्धा वर्ग मागे पडतो. मुलांकडे तोंड करून उभं राहायचं आणि आरशासारखं करायचं, म्हणजे तोंडानं 'उजवा' म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हे अंगवळणी पडायला शिक्षकाला बराच सराव लागतो. आणि दर गाण्याला रांगा फिरवायच्या. मागच्या रांगेत लपणारे लोक असतात, त्यांना पुढे यायची सवय लागते. पुढचे शहाणे मागे जातात.

संगीताचा वेगही ठरवून घ्यावा लागतो. सुरुवातीच्या सात-आठ मिनिटांत मिनिटाला ११० ते १२० ठेके, मुख्य भागात १२५ ते १४०, शेवटी पुन्हा उतरतं आणि पोटऱ्या-मांड्यांचा ताण काढणं. आवाज किती? शिक्षकाचं बोलणं शेवटच्या रांगेत ऐकू जाईल इतका. डॉल्बीची भिंत गणपतीत खूप झाली.

झुंबा, गरबा की लेझीम?

झुंबा कोलंबियाच्या बेटो पेरेझ यांनी लॅटिन अमेरिकन संगीतावर सुरू केला. २००१ मध्ये त्याची कंपनी झाली. ते नोंदणीकृत नाव आहे आणि शिकवणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. व्यायामाच्या दृष्टीनं त्यात असं काही नाही जे आपल्या गाण्यांवर जमणार नाही. परवानाधारक मिळाला तर बोलवा, नाही मिळाला म्हणून अडून बसू नका.

गरब्याची गोलाई शिकवायला सोपी. नवखा माणूस पुढच्याकडे बघत निभावून नेतो, आणि वर्तुळात पहिली रांग-शेवटची रांग हा भेदच राहत नाही. फक्त गिरक्या एकाच दिशेनं खूप झाल्या की भोवळ येते, म्हणून दिशा बदलत राहायची.

लेझीम मला यातली सगळ्यात कमी वापरलेली वस्तू वाटते. बहुतेक कॉलेजांच्या जिमखान्यात लोखंडी कपाटामागे लेझिमींची एक पेटी धूळ खात पडलेली असते, शोभायात्रा आली की ती बाहेर निघते. हातात वजन असल्यानं खांदे, मनगटं आणि पकड यांना काम मिळतं, जे झुंब्यात जवळजवळ मिळत नाही. 'चार आवाज', 'एक जागा', 'आठ आवाज', 'पवित्रा' असे डाव मुळातच मोजांवर बांधलेले आहेत. त्यात खाली बसून उठायचे डाव घातले की मांड्यांनाही पुरे. अडचण एकच: कवायतीच्या लेझमीत डाव संपला की 'हुश्शार'मध्ये ताठ उभं राहायचं. व्यायामासाठी ती शिस्त थोडी सैल करून डावांमध्येही पाय चालू ठेवायचे.

फुगडी छोट्या हप्त्यात फार जोराची. दोघी मागे झुकून एकमेकींच्या वजनावर फिरतात. म्हणून जोड्या साधारण सारख्या वजनाच्या लावायच्या, पकड पक्की हवी आणि फरशी कोरडी. वीस-तीस सेकंदांची फुगडी आणि मग मिनिटभर चालणं, असं आलटून पालटून केलं तर वर सांगितलेला थांबत-थांबत व्यायामाचा प्रकार आपोआप होतो.

'पण मला नाचता येत नाही'

हा आक्षेप मुलांकडून जास्त येतो, विशेषतः मुलग्यांकडून. वरातीत बॅन्जोपुढे हेच पठ्ठे दोन तास नाचतात, तिथे मात्र लाज कुठे जाते कोण जाणे. खरं तर उत्तर त्यातच आहे. वरातीत कुणी बघून गुण देत नाही आणि पाऊल चुकीचं असं काही नसतं. तासात मोबाइलनं चित्रण करायला मनाई ठेवली तर निम्मी भीती तिथेच संपते. हा नियम मुलींच्या दृष्टीनं तर सक्तीचाच असायला हवा.

मुलं-मुली एकत्र असण्याबद्दल घरून हरकत येते, केरळात आली तशीच. रंजनात्मक नृत्याचे बहुतेक प्रकार जोडीशिवाय, रांगेत किंवा वर्तुळात होतात. कुणाचा हात धरायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. सलवार-कुडता, ट्रॅकपँट, बुरखा काढायचा नसेल तर सैल पूर्ण बाह्यांचे कपडे, सगळं चालतं. पायात पाठीमागून पट्टा असलेले किंवा पूर्ण बूट असले म्हणजे झालं. ज्याला नाच नकोच असेल त्याला त्याच वेळात वेगानं चालण्याचा पर्याय द्यायला काहीच अडचण नाही. हृदयाला दोन्ही चालतात.

'नाचताना काही झालं तर?'

२०२३ च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकारानं मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून पालकांच्या मनात ही धास्ती आहे. तरुण वयात असं घडणं दुर्मीळ, पण सत्राच्या सुरुवातीला चार प्रश्नांचा कागद भरून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. श्रम करताना छातीत दुखतं का? कधी शुद्ध हरपली आहे का? घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे का? दमा, फिट्स, हृदयाचा काही आजार आहे का? एकाला जरी 'हो' आलं तर आधी डॉक्टर.

रोजची दुखापत वेगळीच असते: मुरगळलेला घोटा, नडगीच्या हाडाजवळची दुखी, गुडघा. शहाबादी किंवा कोटा फरशीवर अनवाणी उड्या मारल्या की हे होणारच. पहिले काही आठवडे उड्या टाळून, एक पाय कायम जमिनीवर राहील असेच प्रकार घ्यावेत. नंतर बेताच्या उड्या जरूर घालाव्यात, कारण हाडांवर असा भार पडल्यानं ती घट्ट होतात आणि हाडांची पुंजी साठवायचं वय विशी-पंचविशीपर्यंतचंच.

नाचानं काय होत नाही

वजन झटपट उतरत नाही. ५५ किलोची मुलगी ६ मेटच्या जोरानं सलग ४० मिनिटं नाचली तर साधारण २२० कॅलरी खर्च होतात. कँटीनचा एक वडापाव याहून जास्तच भरतो. खांदे, पाठ, दंड यांची ताकद नाचानं फारशी वाढत नाही. त्यासाठी जोर, बैठका, दोरी चढणं, वजनं यांतलं काहीतरी आठवड्यातून दोनदा हवंच, म्हणून शहाणा शिक्षक तासाची शेवटची दहा मिनिटं जोर-बैठकांना देतो.

मनावरच्या परिणामाबद्दलही जरा जपून बोलावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं व्यायाम आणि नैराश्य यावरच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. नाचाचा परिणाम त्यात मोठा दिसला आणि तेवढ्यावर मथळे सजले. पण नाचावरच्या चाचण्या थोड्या होत्या आणि त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या, त्यामुळे यावरून ठाम शिफारस करायला संशोधक कचरले. तासानंतर मुलं हसत बाहेर पडतात हे कुणीही बघू शकतं. नैराश्याच्या उपचाराला मात्र समुपदेशक आणि डॉक्टर लागतात.

मग गुण कशाचे द्यायचे?

शेवटी विद्यापीठाला गुणपत्रिका हवी असते आणि इथे सगळी गाडी पुन्हा गॅदरिंगकडे वळते. वर्षअखेर गटागटानं नाच बसवा, तीन मिनिटं सादर करा, गुण घ्या. मग लहानपणापासून क्लासला जाणारी मुलगी न घामेजता पैकीच्या पैकी गुण घेते आणि चार महिने मागच्या रांगेत इमानानं पाय हलवणारा काठावर पास होतो.

त्याऐवजी सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची स्टेप टेस्ट घ्यावी. ठरावीक उंचीच्या पायरीवर तीन मिनिटं एका लयीत चढ-उतार करायचा आणि लगेच नाडी मोजायची. सत्र संपताना पुन्हा तेच. तेवढ्याच श्रमाला नाडी कमी पडायला लागली म्हणजे हृदय सुधारलं. गुण हजेरीला, स्वतः ठेवलेल्या नाडीच्या वहीला, या फरकाला आणि शेवटी एका छोट्या कामाला द्यावेत: प्रत्येकानं आठ मोजांची एक हालचाल तयार करायची आणि वर्ग न थांबवता ती वर्गाला शिकवायची. ती किती सुंदर दिसते याला शून्य गुण. एक सावधगिरी: ज्या मुलाची नाडी सुरुवातीलाच उत्तम होती त्याच्यात फरक थोडाच दिसणार. म्हणून या फरकाला एकूण गुणांतला लहान वाटा ठेवावा आणि मोठा वाटा हजेरीला, तोही हॉलमध्ये नुसतं उभं राहण्याच्या नव्हे, हललेल्या मिनिटांच्या हजेरीला.